पहिली रीफर गाडी कर्जावर घेताना

रीफर, म्हणजे माल थंड ठेवून वाहणाऱ्या गाडीच्या आरसीवर नंबर एकच असतो, पण विकत घेताना तुम्ही तीन वस्तू घेत असता. चेसिस, म्हणजे डब्याशिवायचा ट्रक, डीलरकडून येते, पफचा (उष्णता अडवणाऱ्या फोमचा) डबा बॉडी बिल्डर बांधतो आणि थंडीचं युनिट तिसऱ्याच कंपनीचं असतं. कर्ज देणाऱ्याला यांपैकी चेसिसच नीट कळते. हप्ते थकले तर ट्रक ओढून आणता येतो, लिलावात त्याला गिऱ्हाईकही मिळतं. पण चार वर्षं कोळंबी वाहिलेला डबा आणि हजारो तास चाललेलं युनिट कोण घेणार, अशी त्याची शंका असते आणि ती अगदीच चुकीची नाही. साध्या ट्रकचं कर्ज आणि रीफरचं कर्ज इथेच वेगळं होतं.

नवा माणूस बहुतेक वेळा डीलरच्या शोरूमपासून सुरुवात करतो. चेसिस पसंत पडते, फायनान्सवाला तिथेच बसलेला असतो, दोन दिवसांत मंजुरी येते आणि डब्या-युनिटचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. म्हणून हा लेख उलट्या टोकाने जातो. आधी माल, मग गाडी, मग हिशेब, आणि बँकेचा दरवाजा त्यानंतर.

पायरी १: कोणता माल, कोणत्या महिन्यात

द्राक्षाला शून्य ते एक डिग्री लागते. केळी तेरा-चौदा डिग्रीच्या खाली गेली की साल काळी पडायला लागते. लसी आणि बरीचशी इंजेक्शनं दोन ते आठ डिग्रीत राहतात. आइस्क्रीम आणि फ्रोझन माल उणे अठरा किंवा त्याहून खाली. या एका आकड्यावर डब्याची जाडी, युनिटची ताकद, डिझेलचा खर्च आणि शेवटी कर्जाची रक्कम ठरते. ‘सगळंच वाहू’ असं ठरवून घेतलेली गाडी फ्रोझनच्या किमतीला पडते आणि भाडं मात्र भाजीचं मिळतं.

तापमानानंतर कॅलेंडर बघा. नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, हापूसची धावपळ एप्रिल-मे. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावर विसंबून असलेल्या गाडीला हप्ता बारा महिन्यांचा आणि काम दहा महिन्यांचं. औषधं, दूध-पनीर आणि क्विक कॉमर्सच्या गोदामांचा माल वर्षभर चालतो. तिथे भाव घासून मिळतो, पण गाडी उभी राहत नाही. पहिल्या गाडीसाठी मी वर्षभर चालणारा कंटाळवाणा माल निवडेन. हंगामी माल वरकड कमाईसाठी ठेवावा.

निर्यातीच्या द्राक्षांबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. पिंपळगाव-निफाडच्या पॅकहाउसमधून जेएनपीटीला जाणारा माल चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये भरला जातो आणि तो कंटेनर शिपिंग लाइनचा असतो. वाहतूकदाराकडे लागतो तो ट्रॅक्टर हेड (ट्रेलर ओढणारा पुढचा भाग), स्केलेटल ट्रेलर (कंटेनर ठेवायचा नुसता सांगाडा) आणि वाटेत कंटेनरला वीज देणारा जेनसेट. या कामात उतरायचं असेल तर डबा-युनिटवर एक रुपयाही घालू नका. ट्रेलरचं कर्ज तुलनेने सोपं मिळतं. हेड आणि ट्रेलर यांची नोंदणी वेगवेगळी असल्याने कर्जही वेगवेगळं घेता येतं, आणि हंगाम संपल्यावर त्याच ट्रेलरवर साधा कंटेनर चढतो.

पायरी २: काम कागदावर घ्या

‘गाडी घेऊन या, काम भरपूर आहे’ हे वाक्य कर्जाच्या फाइलला लावता येत नाही. ज्या कंपनीचा, डेअरीचा किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा माल उचलणार, तिच्याकडून लेटरहेडवर पत्र घ्या. कुठून कुठे, महिन्याला किमान किती खेपा, दर काय, बिलाचे पैसे किती दिवसांत, ही चार उत्तरं त्यात हवीत. मोठा करार नसला तरी चालेल. मॅनेजरच्या टेबलावर पहिल्या गाडीवाल्याच्या दोन फाइली असतील तर पत्र असलेली फाइल आधी उघडली जाते.

पत्र घेतानाच तीन गोष्टी बोलून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही. पहिली, डिझेल वाढलं तर भाडं कसं वाढणार. दुसरी, हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, किती तासांनंतर सुरू होणार. तिसरी, भिवंडीच्या गोदामाबाहेर रांगेत गाडी उभी असताना युनिट चालू ठेवायचं असतं, त्या डिझेलचे पैसे कुणाचे. स्वतःचं इंजिन असलेलं युनिट तासाला साधारण दोन ते चार लिटर डिझेल पितं. रांग आठ तासांची झाली की खेपेतला नफा तिथेच जळून जातो.

पायरी ३: डबा आणि युनिट, मग चेसिस

युनिट दोन जातींचं येतं. डायरेक्ट ड्राइव्ह युनिट ट्रकच्या इंजिनावर चालतं. स्वस्त, हलकं, शहरातल्या वाटपाच्या लहान गाडीला बरं. पण ट्रकचं इंजिन बंद झालं की थंडीही बंद, मग रात्री हायवेवर ड्रायव्हर झोपला तरी इंजिन सुरू ठेवावं लागतं. दुसऱ्या जातीला स्वतःचं डिझेल इंजिन असतं. महाग पडतं, पण लांब पल्ल्याला आणि फ्रोझन मालाला तेच लागतं. काही युनिटना स्टँडबायची सोय असते, म्हणजे गोदामात उभं असताना विजेवर चालतं. जिथे रोज तेच गोदाम आहे तिथे ही सोय घ्याच. कॅरियर, थर्मो किंग यांसारखी नावं बाजारात प्रसिद्ध आहेत, पण नावापेक्षा तुमच्या मार्गावर त्यांचा सर्व्हिसवाला कुठे बसतो ते आधी विचारा. धुळ्याजवळ रात्री दोन वाजता युनिट बंद पडलं तर पुण्याच्या शोरूमचा काही उपयोग नाही.

डब्याच्या कोटेशनमध्ये पफची जाडी, दाराच्या रबराची प्रत, फ्लोअरचं मटेरियल आणि उष्णता किती आत येते तो ‘के’ आकडा लिहून मागा. युरोपातल्या एटीपी करारानुसार भक्कम इन्सुलेशनसाठी हा आकडा ०.४० किंवा त्याखाली लागतो, आणि आपल्याकडचे चांगले बिल्डरही तोच निकष सांगतात. हा आकडा माहीत नसलेला बिल्डर टाळलेला बरा. हलक्या डब्यात वाचवलेले पैसे युनिटच्या डिझेलमध्ये दरमहा परत जातात.

वजनाचाही विचार करा. दोन ॲक्सलच्या ट्रकला एकूण वजनाची कायदेशीर मर्यादा साडेअठरा टन आहे, आणि डबा व युनिटचं वजन त्यातच धरलं जातं. डीलर सांगतो ती भारक्षमता साध्या बॉडीची असते. तुम्हाला प्रत्यक्षात किती टन भरता येईल ते बिल्डरकडून लेखी घ्या. पायरी ६ मधल्या अनुदानाचा आकडाही टनावर ठरतो.

तिन्ही कोटेशन एकाच नावाने, एकाच आठवड्यातली आणि जीएसटी वेगळा दाखवून घ्या. जमल्यास बॉडी बिल्डरकडूनच डबा आणि युनिट मिळून एक कोटेशन मिळतंय का बघा. फाइलमध्ये दोन पुरवठादार असले की पैसे सुटायला सोपं जातं, तिघे असले की कुणाचा तरी चेक अडकतो.

पायरी ४: हप्ता परवडतो का

इथे घाई करू नका. खालचे आकडे हिशेबाची पद्धत दाखवण्यासाठी गोल धरले आहेत, तुमचे कोटेशनवरून भरा.

चेसिस २४ लाख, डबा ६ लाख, युनिट ८ लाख, एकूण ३८. पासिंग, टॅक्स, पहिला विमा, परमिट यांना आणखी २ लाख. म्हणजे गाडी रस्त्यावर यायला ४० लाख.

पहिला फायनान्सवाला म्हणतो, ‘९५ टक्के देतो.’ विचारलं की कळतं, चेसिसच्या ९५ टक्के. म्हणजे २२ लाख ८० हजार, आणि तुमच्या खिशातून १७ लाख २० हजार. दुसरा म्हणतो, ‘८० टक्केच देऊ, पण पूर्ण गाडीवर.’ ते होतात ३० लाख ४० हजार, तुमचे लागतात ९ लाख ६० हजार. जाहिरातीत पहिला उदार दिसतो; रोख पैशात तो साडेसात लाखांहून जास्त महाग पडतो. उरलेल्या पैशांसाठी मग सोनं गहाण जातं किंवा महागडं वैयक्तिक कर्ज घेतलं जातं, आणि गाडीला दोन हप्ते लागतात. म्हणून टक्का ऐकल्याबरोबर विचारायचं, ‘कशावर?’ जीएसटी धरून की वगळून, हेही त्याच दमात विचारा.

आता दुसऱ्याचं कर्ज धरू. ३०.४० लाख, पाच वर्षं, घटत्या शिलकीवर ११ टक्के. हप्ता ६६,१०० रुपयांच्या आसपास. ड्रायव्हर-हेल्परचे ४० हजार, विमा-परमिट-फिटनेसचे महिन्याला १४ हजार, टायर आणि युनिटच्या दुरुस्तीसाठी बाजूला १५ हजार. गाडी हलली नाही तरी दरमहा एक लाख पस्तीस हजार लागणारच. डिझेल, टोल, रस्ताखर्च आणि रिकामं परत येणं धरून एका फेरीत हातात १५ हजार उरत असतील, तर नऊ फेऱ्या नुसती ही उधारी फेडायला जातात. दहाव्या फेरीपासून तुमची कमाई. पत्रात पार्टीने महिन्याला आठ खेपा लिहिल्या असतील तर बँकेत जायच्या आधीच थांबा. दुसरी पार्टी शोधा किंवा लहान गाडी बघा.

हप्त्याच्या हिशेबात न दिसणारी दुसरी रक्कम खेळत्या भांडवलाची. डिझेल आणि टोल आज रोख, बिल मात्र ४५ ते ६० दिवसांनी. एका फेरीला २५ हजार रस्त्यावर जात असतील तर नऊ फेऱ्यांचे सव्वादोन लाख, आणि दोन महिन्यांचे साडेचार लाख सतत अडकलेले. शिवाय तीन हप्त्यांचे दोन लाख मंदीसाठी. म्हणजे ९ लाख ६० हजारांचं डाउन पेमेंट असलेल्या माणसाकडे प्रत्यक्षात सोळा लाख हवेत. माझ्या मते पहिल्या वर्षी गाड्या ओढल्या जातात त्या याच साडेचार लाखांच्या खड्ड्यामुळे, व्याजदरामुळे नाही.

हा खड्डा भरायचे दोन रस्ते. उद्यम नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. न दिल्यास आयकराच्या नियमाने (१९६१ च्या कायद्यात ४३बी(एच)) त्याला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही, हे त्याच्या अकाउंटंटला चांगलं ठाऊक असतं. दुसरा रस्ता ट्रेड्सचा, म्हणजे बिलं वटवायच्या ऑनलाइन व्यासपीठाचा. पार्टी मोठी कंपनी असेल आणि तिथे नोंदलेली असेल, तर मंजूर झालेलं बिल ऑनलाइन लिलावात वटवून काही दिवसांत पैसे मिळतात. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी करायला सांगितलेलं आहे. पत्र घेतानाच ‘ट्रेड्सवर आहात का’ एवढं विचारून ठेवा.

पायरी ५: कोणाकडे जायचं

राष्ट्रीयीकृत बँक स्वस्त पण सावकाश. दोन-तीन वर्षांचे रिटर्न, स्वच्छ सिबिल आणि बहुतेक वेळा तारण मागते. तारण नसेल तर सीजीटीएमएसई या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या ट्रस्टची हमी घेता येते का ते विचारा. त्याचं वार्षिक शुल्क तुमच्याच खात्यातून जातं, पण वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर बोजा चढवण्यापेक्षा ते परवडतं. एनबीएफसीचा, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपनीचा, दर जास्त असतो, पण ट्रकवाला काय चीज आहे ते त्यांच्या माणसाला कळतं, आणि आधी दुसरी गाडी नीट फेडलेली असेल तर कागद कमी लागतात. डबा-युनिटला पैसे देण्याची तयारी मात्र प्रत्येक शाखेत वेगळी असते, म्हणून तुमच्या भागात आधी कोणी रीफर घेतली असेल तर त्याचा फायनान्स कुणाचा ते जरूर विचारा. नागरी सहकारी बँकेत ओळख कामी येते. पतसंस्थेचं कर्ज झटपट मिळतं, पण पुढे सांगितलेल्या योजनांत ते सहसा बसत नाही.

डीलरच्या टेबलावरच्या माणसालाही भेटा, त्याचा भाव घ्या आणि त्या दिवशी सही करू नका.

पायरी ६: अनुदान आणि व्याज सवलत

इथे क्रम चुकला की लाखो रुपये जातात, म्हणून ही पायरी मंजुरीच्या आधीची आहे.

फळं-भाजीपाला-फुलं वाहणार असाल तर एकात्मिक फलोत्पादन अभियानात शीतवाहनाला अनुदान आहे. २०१४ च्या निकषांत नऊ टनांच्या गाडीला २६ लाख रुपये प्रकल्पखर्च धरला होता, त्याखाली टनाच्या प्रमाणात, आणि चार टनांपेक्षा लहान गाडी चालत नव्हती. अनुदान सर्वसाधारण भागात ३५ टक्के, डोंगराळ आणि अनुसूचित क्षेत्रात ५० टक्के. म्हणजे सहा टनांच्या गाडीला धरलेला खर्च १७ लाख ३३ हजार आणि ३५ टक्क्यांनी अनुदान सहा लाखांच्या आसपास, मग तुमची गाडी प्रत्यक्षात ३८ लाखांची असली तरी. २०२५ मध्ये या अभियानाचे खर्चाचे निकष वाढवले गेले, त्यामुळे अर्जाच्या दिवशीचा आकडा जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातून घ्या.

हे अनुदान कर्जाशी जोडलेलं आणि शेवटी मिळणारं आहे. पैसे तुमच्या हातात येत नाहीत. बँकेतल्या वेगळ्या राखीव खात्यात जमा होतात आणि शेवटच्या टप्प्यात कर्जात वळते होतात. तेवढ्या रकमेवर बँकेने व्याज लावायचं नसतं, ते खातेउताऱ्यात तपासत राहा. यातून दोन गोष्टी निघतात. डाउन पेमेंट अनुदानातून भरू हा हिशेब कधीच जमत नाही. आणि घाईने कर्ज लवकर फेडून टाकलंत तर अनुदान हातचं जाऊ शकतं. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर करायचा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत गाडी बुक करायची नाही. आधी गाडी, मग अर्ज असं केलं की फाइल सहसा तिथेच संपते.

कृषी पायाभूत सुविधा निधी, म्हणजे एआयएफ, ही २०२० ची केंद्राची योजना. काढणीनंतरच्या सुविधांमध्ये रीफर व्हॅन आणि इन्सुलेटेड गाड्याही तिच्यात येतात. दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत ३ टक्के व्याज सवलत मिळते, आणि बँकेच्या दरावर ९ टक्क्यांचं बंधन आहे. आपल्या ३०.४० लाखांच्या कर्जात नुसती ३ टक्क्यांची सवलत पहिल्या वर्षी ऐंशी-पंच्याऐंशी हजारांची होते. अर्ज ऑनलाइन, डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) सोबत. कर्जवाटपाची मुदत वाढवून २०२५-२६ पर्यंत केलेली होती, म्हणून शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न मुदतीचा विचारा. डीपीआरमध्ये शेतमालाशी नातं स्पष्ट दिसलं पाहिजे. नुसती औषधं वाहणाऱ्याला हा रस्ता नाही.

छोटी गाडी घेणाऱ्या मराठा तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, १५ लाखांपर्यंतच्या कर्जाला. तिथेही आधी पात्रता प्रमाणपत्र, मग बँक. इतर समाजघटकांची महामंडळं वेगळी आहेत, त्यांच्याकडेही वाहन कर्जाच्या योजना असतात.

पायरी ७: दोन ऑफर शेजारी ठेवून वाचा

‘सात टक्के फ्लॅट’ ऐकून खूश होऊ नका. २५ लाखांवर पाच वर्षं सात टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ८ लाख ७५ हजार, हप्ता ५६,२५०. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजला तर दर येतो साडेबारा टक्के. समोरच्या बँकेने ११ टक्के घटत्या शिलकीवर सांगितले असतील तर तीच स्वस्त आहे, जरी कानाला अकरा हा आकडा सातपेक्षा मोठा लागला.

या घोळातून सुटायला रिझर्व्ह बँकेने सोय केली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना कर्ज देणाऱ्याने एक मुख्य तथ्यपत्रक देणं सक्तीचं आहे. प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचे पैसे, गळ्यात मारलेला विमा असं सगळं धरून वार्षिक खरा दर त्यात एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन्ही ठिकाणची तथ्यपत्रकं मागा आणि तो एकच आकडा ताडून बघा. द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून उठून या.

आणखी तीन अटी शोधून वाचा. हप्ता चुकला तर काय लागतं: आता दंडव्याज लावता येत नाही, दंडाचं शुल्क ठरलेलं आणि लिहिलेलं असावं लागतं. मुदतपूर्व फेडीचं शुल्क: १ जानेवारी २०२६ पासूनच्या बदलत्या दराच्या व्यवसाय कर्जांवर व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना बहुतेक बँका ते लावू शकत नाहीत, पण ट्रकची कर्जं बहुधा स्थिर दराची असतात आणि तिथे शुल्क लागतंच, म्हणून दर कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. आणि हप्त्यांची रचना: हंगामी माल असेल तर द्राक्षाच्या चार महिन्यांत मोठा, पावसाळ्यात लहान हप्ता मागता येतो. आपणहून कुणी देत नाही, पण मागणाऱ्याला मिळालेला असतो.

पायरी ८: जीएसटी परत मिळेल का

२२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आपले ३८ लाख कर धरून असतील तर त्यात जवळपास ५ लाख ८० हजार जीएसटी आहे. डीलर सहज म्हणतो, ‘इनपुट घ्या, परत मिळतील.’ मिळतील का, हे तुमचं बिल कसं निघतं त्यावर आहे.

मोठ्या कोल्ड चेन कंपनीकडे, जी स्वतः बिल्टी (माल वाहतुकीची पावती) फाडते, तुम्ही गाडी भाड्याने लावली तर तुमचं भाडं करमुक्त. मग क्रेडिट शून्य. स्वतः बिल्टी काढून ताजी फळं किंवा दूध वाहिलंत तर तेही करमुक्त, पुन्हा शून्य. स्वतः बिल्टी काढून आइस्क्रीम किंवा औषधं वाहिली, तर ५ टक्के विनाक्रेडिट किंवा १८ टक्के क्रेडिटसह असा पर्याय असतो, आणि फक्त दुसऱ्यात गाडीवरचा कर वळता करता येतो. पार्टी करपात्र आणि नोंदणीकृत असेल तर तिला १८ टक्के जड जात नाहीत, कारण तिलाही क्रेडिट मिळतं. दोन्ही प्रकारचा माल असेल तर प्रमाणात. सीएकडे हा प्रश्न कोटेशन घेऊनच जा. गाडी आल्यावर गेलात तर तो सहानुभूतीशिवाय काही देऊ शकत नाही.

पायरी ९: मंजुरीपासून पासिंगपर्यंत

कागद नेहमीचेच: पॅन, आधार, उद्यम, दोन वर्षांचे रिटर्न, बारा महिन्यांचा बँक उतारा, आधीच्या कर्जांचे खातेउतारे, जागेचा पुरावा, जामीनदाराचे कागद, तीन कोटेशन आणि पायरी २ चं पत्र. पत्र सगळ्यात वर लावा.

पैसे सुटताना लक्ष द्या. चेसिसचे पैसे डीलरला गेले की बहुतेक ठिकाणी हप्त्याचं घड्याळ सुरू होतं. पण चेसिस बिल्डरकडे जाते, डबा बांधायला आठवडे लागतात, युनिट बसतं, चाचणी होते, मग आरटीओची तपासणी आणि कायमचा नंबर. हंगामाआधी बिल्डरकडे रांग असते, तेव्हा हे दोन-तीन महिनेही चालतं. म्हणून मंजुरीपत्रातच लिहून घ्या की रक्कम टप्प्याटप्प्याने सुटेल आणि पूर्ण हप्ता नंबर मिळाल्यानंतर सुरू होईल. तोवर फक्त सुटलेल्या रकमेचं व्याज. बिल्डरलाही सगळे पैसे आधी देऊ नका. शेवटचा हिस्सा चाचणीनंतर: रिकामा डबा बंद करून, ठरलेलं तापमान लावून, काही तास नोंद घ्या आणि ती छापील नोंद फाइलला लावा.

आरसीवर कर्ज देणाऱ्याचा बोजा चढतो. कर्ज संपल्यावर तो आपोआप उतरत नाही. एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन उतरवावा लागतो. राष्ट्रीय परवाना आणि वाहतूकदाराचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवाना यांची तयारी डबा बांधून होईपर्यंत करून ठेवा, नाहीतर गाडी तयार आणि पार्टीच्या गेटवर ‘परवाना दाखवा’ म्हणून परत.

पायरी १०: विमा

एजंट सवयीने चेसिसच्या किमतीवर पॉलिसी काढतो. घोषित किमतीत डबा आणि युनिट धरलंय का, युनिटचा सिरीयल नंबर लिहिलाय का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. अपघातात चौदा लाखांचा डबा-युनिट गेला आणि पॉलिसीत फक्त ट्रक असला, तर हप्ते मात्र पूर्ण गाडीचे चालू राहतात.

गाडीच्या पॉलिसीत आतला माल नसतो. युनिट बंद पडून माल खराब झाला तर पार्टी बिलातून कापून घेते, आणि औषधांच्या एका गाडीतला माल गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असू शकतो. वाहतूकदाराच्या दायित्वाचा विमा घ्या आणि त्यात तापमान बिघडून होणारं नुकसान शब्दांत लिहिलंय का ते वाचा. नुसत्या अपघात-चोरीच्या पॉलिसीत ते नसतं. दाव्याच्या वेळी विमा कंपनी पहिली मागते ती तापमानाची नोंद. म्हणून डेटा लॉगर पहिल्या दिवसापासून हवा, आणि माल भरताना मालाचंच तापमान मोजून बिल्टीवर लिहायची ड्रायव्हरला सवय लावा. गरम भरलेला माल युनिट थंड करत नाही, ते फक्त थंड माल थंड ठेवतं. या एका ओळीच्या नोंदीवर पुढे कितीतरी कापलेली बिलं सुटतात.

जुनी गाडी घ्यायची झाली तर

मोठ्या लॉजिस्टिक्स कंपन्या पाच-सहा वर्षांच्या रीफर गाड्या विकतात आणि त्यांवर एनबीएफसी कर्जही देतात. मूल्यांकन करणारा माणूस टायर आणि इंजिन बघतो, डब्यात डोकावतोच असं नाही. ते काम तुमचं. किलोमीटरइतकंच युनिटचं तासमीटर वाचा, सर्व्हिसची बिलं मागा, आणि दुपारी उन्हात डबा बंद करून युनिट लावून बघा. पफमध्ये पाणी शिरलेलं असेल तर तापमान खाली जातच नाही, आणि डब्याचं वजनही वाढलेलं असतं. काट्यावर रिकामी गाडी चढवून आरसीवरच्या वजनाशी ताडून घ्या. विकणाऱ्याच्या जुन्या कर्जाची एनओसी हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.